गोफण शिकवणारी बाई

बुराई नदीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. अलीकडे वडथडी, पलीकडे पलथडी. उन्हाळ्यात नदी नुसती वाळूची उरते. मधूनमधून डबकी, डबक्यांत म्हशी. दोंडाईच्याच्या बाजाराला दोन्ही गावं एकाच रिक्षात दाटीवाटीने बसून जातात, लेकी एकमेकांत देतात, आणि सातवीपर्यंतची शाळाही दोघांत एकच, वडथडीच्या काठावर, निंबाखाली.

भांडणही एकच, वर्षातून एकदा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी गौराई घेऊन नदीवर येतात, तेव्हा दोन काठांवर बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि गाण्यांतून एकमेकींना शिव्या देतात. त्याला बार खेळणं म्हणतात. बाराला कायदा आहे. ढेकूळ फेकायचं ते हाताने, दगड नाही. पुरुषांनी मागे थांबायचं. आणि मेलेल्याचं किंवा घर सोडून गेलेल्याचं नाव गाण्यात घ्यायचं नाही. दिवस बुडाला की बार संपला. मग शिव्या दिल्या त्याच तोंडांना सांजोऱ्या भरवायच्या आणि घरी जायचं.

त्या निंबाखालच्या शाळेत सुलक्षणाबाई शिकवतात. वडथडीचीच लेक. तोताराम राखणदाराची.

तोताराम दुसऱ्यांची शेतं राखायचा. ज्वारी दाण्यावर आली की त्याचा मुक्काम शेतातल्या माळ्यावर, चार खांबांच्या मचाणावर. उघडा, काळा, कंबरेला पंचा, हातात अंबाडीची गोफण. गोफण म्हणजे दोन दोऱ्या आणि मधे विणलेली तळहाताएवढी झोळी. एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. झोळीत गुंडा, म्हणजे गोल दगड, ठेवून तो डोक्यावर फिरवी, चिमूट सोडी, आणि चार शेतांपलीकडे पाखरांचा थवा ढगासारखा उठे. लोक म्हणायचे, तोतारामचा गुंडा कणीस न हलवता चिमणी पाडतो.

खरंच पाडायचा. आणि घरी आला की तीच गोफण दुहेरी करून तानुबाईच्या पाठीवर चालवायचा. भाकर थंड आहे म्हणून. भाकर गरम आहे म्हणून. अंबाडीचा वळ चामड्याच्या वळासारखा नसतो. तो आधी पांढरा उठतो, मग लाल होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून पाणी येतं. सुलक्षणा लिहायला शिकली त्याच्या आधी हे शिकली होती.

एका दुपारी तानुबाईला भाकर न्यायला उशीर झाला. ती बांधावरून चालत होती, डोक्यावर टोपली, मागे पदर धरून सुलक्षणा. माळ्यावर बाप उभा राहिलेला पोरीने पाहिला. त्याचा हात वर गेला. तिला वाटलं, पाखरं असतील. मग हवेत तो आवाज झाला, सणसणत येणारा, माशी कानात शिरावी तसा, आणि आईच्या तोंडावर ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा दुसरा. टोपली पडली. तानुबाई गुडघ्यांवर बसली. तिने दोन्ही हात डाव्या डोळ्यावर धरले होते आणि बोटांच्या फटींतून रक्ताबरोबर काहीतरी पांढरं वाहत होतं. ती ओरडली नाही. पोरीला जवळ ओढून कानात एवढंच म्हणाली, "बैलनं शिंग लागनं. कोनी बी इचारं ते बैल सांगजो."

सुलक्षणाने बैल सांगितला. डॉक्टरला, आजोळी, शाळेत. कोणता बैल, कोणाचा बैल, कोणी विचारलं नाही. वडथडीला सगळं माहीत होतं आणि वडथडीने बैल मान्य केला. तोताराम त्यानंतरही कितीतरी वर्षं मारत राहिला, एका डोळ्याच्या बाईला, आणि एका सुगीत दारू पिऊन माळ्यावरून डोक्यावर पडून मेला. मानेचं हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या शेतापर्यंत गेला म्हणतात. त्याची गोफण तानुबाईने घरात खुंटीला टांगली.

"फेकी का नही देत?" सुलक्षणा वयात आल्यावर एकदा चिडून म्हणाली.

"फेकी दिधी ते कोनी तरी उचली लिई," आई म्हणाली. "खुंटीवर शे तवलोंग मना नजरमा शे."

सुलक्षणा धुळ्याला शिकली, शिक्षिका झाली, लग्न केलं नाही. स्थळं आली. ती प्रत्येकाचे हात पाहायची आणि नको म्हणायची. नोकरी फिरत फिरत शेवटी आपल्याच गावच्या शाळेत आली.

मग तालुक्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. तिथे सांगितलं की पुस्तकातला धडा बाजूला ठेवा, आपल्या गावातली एखादी वस्तू घ्या, आणि तिच्याभोवती स्वतः पाठ रचा. त्याच वस्तूत विज्ञान शोधा, भाषा शोधा, चित्र शोधा. कोणी विहीर घेतली, कोणी चूल, मूळ धरणगावच्या एका सरांनी कापसाचं बोंड घेतलं. सुलक्षणाबाईंनी कागदावर लिहिलं: गोफण. लिहून झाल्यावर आपलंच अक्षर त्या बराच वेळ बघत बसल्या.

तानुबाईने ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. "शाळामा काहीबी शिकाड, पन हाई नको."

"पोरेसले ती येसच, माय. मी नही शिकाडी तरी येस."

"येऊ दे. तुना हातनी नको."

बाईंनी ऐकलं नाही. त्यांना वाटत होतं, जी वस्तू बापाच्या हातात इतकी घाण झाली ती आपल्या हातात धुतली जाईल. फळ्यावर खडूने वर्तुळ काढता काढता, गाणी म्हणता म्हणता, रंगवता रंगवता ती साधी होईल. अंबाडीची, मुलांची.

आणि पाठ देखणा झाला, हे शत्रूही कबूल करेल. सातवीच्या वर्गाने अंबाडी भिजवली, कुटली, सोलली, मांडीवर वळली. झोळीची वीण प्रत्येकाची निराळी. पलथडीच्या पूनमने अशी वीण काढली की ती उलटसुलट कुठूनही माशाच्या खवल्यांसारखी दिसे. विज्ञानाला बाईंनी विचारलं, "डोक्याभोवती गोल फिरणारा गुंडा सोडला तर तो कसा जाईल?" निम्मा वर्ग म्हणाला, गोल जाईल. मैदानावर जाऊन पाहिलं. सरळ गेला. "हात त्याला वळवत असतो," बाई म्हणाल्या. "हात सुटला की तो सुटला त्या क्षणी जिकडे तोंड होतं तिकडेच नाकासमोर जातो. मग त्याला धनी नाही. बोलावून परत येत नाही."

दगड वेडेवाकडे असतात, म्हणून कुंभाराकडून एका मापाचे मातीचे गोळे भाजून आणले, आणि चित्रकलेला मुलांनी ते रंगवले, ज्याच्या त्याच्या नक्षीने. बाईंनीही नमुन्याचा एक रंगवला: पांढऱ्यावर काळं कणीस, आणि कणसावर चिमणी बसलेली. न पडलेली.

भाषेच्या तासाला त्यांनी सुंदरबाईला बोलावलं. सुंदरबाई म्हणजे वडथडीचा बार. जाड, गोरी, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरची म्हैसही मान वळवेल. ती खुर्चीवर बसली नाही, टेबलावर बसली.

"वाईट वाईट गाणी म्हनू का चांगली चांगली, बाई?"

"वाईटच. चांगली पुस्तकात आहेत."

सुंदरबाईने पदर खोचला.

"पलथडीनी नवरी, डोकावर घडा,
भाकर जयनी तरी गप्पास्ना सडा."

भाकर जळाली तरी गप्पा थांबत नाहीत म्हटल्यावर पलथडीच्या पोरी खवळल्या आणि हसल्याही. पूनम उठून उभी राहिली आणि आपल्या आजीचं गाणं तिच्यावर सोडलं:

"वडथडीना नवरदेव, मिशीले तेल,
घरमा नही दाना, दारमा नही बैल."

"अगं माय," सुंदरबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "हाई पोर ते माले खाई जाई. हिले वडथडीमा सून करी ली या रे कोनी." वर्ग हसून लोळला. पूनमला आई नव्हती, म्हणजे होती, पण एका मिस्त्रीबरोबर सुरतेला निघून गेली होती. त्या दिवशी सुंदरबाईने तिचे केस विंचरून दिले, टेबलावर बसूनच.

चूक पुढे झाली, आणि ती बाहेरच्या माणसाने केलीच नसती. परीक्षा संपल्या. गोफणी कपाटात कुलूपबंद होत्या. पण आपल्याकडे रीत आहे की पोरीने हाताने केलेली पहिली वस्तू आखाजीला गौराईपुढे ठेवायची. विणलेली पिशवी असो, शिवलेलं झबलं असो. पोरी मागायला आल्या. सुलक्षणाबाई त्याच मातीतल्या. त्यांना नाही म्हणवलं नाही. गौराईपुढे ठेवलेल्या वस्तूने कोण कोणाला मारेल? त्यांनी कुलूप काढलं. पूनम म्हणाली, "बाई, तुमचा चिमणीचा गोळा देता? माझा फुटला." बाईंनी दिला.

त्यांच्या हे ध्यानात आलं नाही की गौराई घरात राहत नाही. ती नदीवर जाते.

आखाजीला ऊन असं होतं की वाळूवरची हवा हलत होती. दोन्ही काठ भरले. डोक्यावर गौराई, टोपल्यांत सांजोऱ्या, आणि पोरींच्या कमरेला नव्या कोऱ्या गोफणी, दागिन्यासारख्या. सुलक्षणाबाई वडथडीच्या काठावर उभ्या होत्या. त्यांना ते पाहून आधी अभिमान वाटला. त्यांनी हे पुढे कोणापासून लपवलं नाही.

बार तापला. ढेकळं फुटू लागली, हशा पिकला. सुंदरबाई सगळ्यांत पुढे, वाळूत घोट्यापर्यंत उतरलेली. समोरून पलथडीच्या पोरींनी तिच्या जाडीवर एक गाणं असं टाकलं की तिच्याच बाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सुंदरबाईचं तोंड लाल झालं. आयुष्यभर जी कधी हरली नाही ती आपल्याच माणसांत हसली गेली होती. आणि तिची जीभ सुटली.

"पूनमनी माय गयी, मिस्त्रीना मांगे,
आंडेर बी जाई, रस्ता तिले सांगे."

आंडेर म्हणजे लेक, म्हणजे पूनमच. कायदा मोडला होता. सुंदरबाईलाही कळलं, तिचा हात तोंडाकडे गेला.

सुलक्षणाबाईंनी पलीकडे पूनमचा हात वर गेलेला पाहिला. एक फेर. दोन. आणि तो आवाज, माशी कानात शिरावी तसा. बाईंचे पाय बांधावरच्या पोरीचे झाले. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसली. सुंदरबाई सरळ मागे पडली, हात अजून तोंडाजवळ, आणि उजव्या डोळ्याच्या जागी लाल खळगा.

मग कायदा कोणालाच आठवला नाही. मागचे पुरुष पुढे आले. दगड, काठ्या, बैलगाडीचे खुंट. गौराया वाळूत तुडवल्या गेल्या. वडथडीच्या एका माणसाने पलथडीच्या सोयऱ्याचं डोकं दगडाने फोडलं, ज्याच्या लग्नात त्यानेच वाढलं होतं. एका बाईचा कान बाळीसकट फाटून आला. सातवीच्या पोरी वर्गात शिकलेली गोफण दोन्ही बाजूंनी फिरवत होत्या आणि रंगीत गोळे नाकासमोर, धनी नसल्यासारखे, माणसांत येऊन बसत होते.

सुलक्षणाबाई सुंदरबाईपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. वाळूत त्यांना गोळा दिसला. कणीस आणि चिमणी, चिमणीवर रक्त. त्यांनी तो मुठीत घेतला, पण सुंदरबाईचा मुलगा प्रेमराज तोवर तिथे पोचला होता. ट्रॅक्टर चालवून दगड झालेल्या हातांनी त्याने त्यांची मूठ उघडली, बोट बोट करून.

"बाई, गोळा कोना शे?"

"माझा."

"मारा कोनी?"

बाईंच्या तोंडून जे निघालं ते चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं होतं. "मी पाहिलं नाही."

त्याने कोणाची तरी पडलेली गोफण उचलली आणि दुहेरी केली. बाईंना तो वळ ओळखीचा होता. आधी पांढरा, मग लाल. पाठीवर, खांद्यावर, तोंड झाकलेल्या हातांवर. प्रत्येक फटक्याला तो विचारायचा, "कोनी?" आणि त्या म्हणायच्या, "नाही पाहिलं." मनगटाचं हाड मोडलं तेव्हा त्यांनीही ऐकलं आणि त्यानेही. तेव्हा तो थांबला.

सुंदरबाईला धुळ्याला नेलं. पोलीस आले, दोन्ही गावांना विचारलं. दोन्ही गावांनी एकच जबाब दिला: गर्दी होती, दिसलं नाही.

ऊन उतरता उतरता वडथडीचे पुरुष शाळेच्या पटांगणात जमले. कपाट फोडलं. भिंतीवरची वर्तुळांची चित्रं, गाण्यांचे तक्ते फाडून त्यांच्यावर रॉकेल ओतलं. मुख्याध्यापक जीवराम सर व्हरांड्यात हात जोडून उभे होते, त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. प्रेमराज म्हणाला, "बाई नाव सांगत नही ते नको. पलथडीना खळामा कडबाना गंज्या शेतस. एकनी मारं नही व्हई ते बठ्ठासनी मारं." रॉकेलचा डबा अर्धा उरला होता, आणि कडब्याच्या गंजींना लागून घरं होती, हे प्रत्येकाला माहीत होतं.

सुलक्षणाबाई पायरीवर बसल्या होत्या, मोडका हात ओढणीने गळ्यात बांधलेला. नाव सांगितलं तर एक पोर मारली जाईल. नाही सांगितलं तर एक गाव जळेल.

तेव्हा तानुबाई आली. तिच्या हातात खुंटीवरची गोफण होती, इतक्या वर्षांनी धुराने काळी पडलेली. ती पुरुषांच्या मधे जाऊन उभी राहिली. डाव्या डोळ्यावरून नेहमी ओढलेला पदर तिने मागे टाकला. गावाने ती पापणी कधी पाहिली नव्हती, आत ओढलेली, शिवल्यासारखी.

"आयका," ती म्हणाली. "मना डोया बैलनी नही फोडा. तोतारामनी फोडा, ह्याच गोफणनी. मी बैलनं नाव सांगं. तुमी बठ्ठासनी ते मानं, बठ्ठासले खरं माहीत व्हतं. मंग तो थांबना का? मी त्याले वाचाडं, अन त्यानी मनी पाठ सोली."

प्रेमराजच्या शेजारी एक म्हातारा होता, तोतारामचा जुना सोबती; तो खाली बसला.

तानुबाई लेकीकडे वळली. "अन तू बी आते बैलच सांगी ऱ्हायनी, सुलक्षणा."

बाईंनी आईकडे पाहिलं. मग त्या उठल्या. "प्रेमराजभाऊ," त्या म्हणाल्या, "गोळा माझा. गोफण मी शिकवली, कुलूप मी काढलं. मारणारी पोर मी पाहिली. तिचं नाव तुम्हाला नाही सांगणार. ती स्वतः सांगेल, तुमच्या आईला. उद्या मी तिला घेऊन येते. आणली नाही तर हा डबा आधी माझ्या घरावर ओता."

प्रेमराजने त्या शिवल्यासारख्या पापणीकडे पाहिलं. मग त्याने डबा लाथेने उलटा केला. रॉकेल मातीत मुरलं.

धुळ्याच्या दवाखान्यात पूनम बाईंचा चांगला हात धरून चालत होती, आणि तिच्या हाताला इतका घाम होता की तो सारखा निसटत होता. सुंदरबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. अर्धं तोंड पट्टीत, दुसरं अर्धं सुजून काळंनिळं. प्रेमराज पायथ्याशी.

"कोन शे?"

"मी, अक्का. सुलक्षणा. पूनमला आणलंय."

सुंदरबाईने एका डोळ्याने पोरीला जवळ बोलावलं. "तू मारा का व?"

"हा."

"कसाकरता?"

"तुम्ही मनी मायनं नाव लिधं."

सुंदरबाईने हात उगारला आणि तिच्या तोंडात मारली. आवाज खोलीभर झाला. पूनमच्या ओठातून रक्त आलं. ती पडली नाही आणि रडलीही नाही. प्रेमराज अर्धा उठला होता.

"बस खाले, प्रेम्या," सुंदरबाई म्हणाली. "मना डोया गया, मी मारी लिधी. आते हिले कोनी हात लावाना नही. मनी जीभ बी सुटनी व्हती." मग ती दम खात राहिली. "भलती जोरमा लागना पन. कोनी शिकाडी इतली चांगली गोफण?"

कोणी हसलं नाही. सुलक्षणाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांना इतक्या वेळाने रडू आलं.

जूनमध्ये शाळा उघडली. जीवराम सरांनी सांगितलं, "बाई, यंदा चूल घ्या, विहीर घ्या, काहीही घ्या." बाईंचं मनगट वाकडं जुळलं होतं, खडू धरला की अक्षर खाली उतरायचं. त्या वाकड्या अक्षरात त्यांनी फळ्यावर पुन्हा गोफण लिहिलं. पण यावेळी अंबाडीची एक काडीही भिजण्याआधी वर्गात खुर्ची मांडली आणि तिच्यावर तानुबाईला बसवलं. मांडीवर काळी गोफण, पदर मागे.

विज्ञानाला फळ्यावर डोळ्याची आकृती काढली, काय कुठे असतं आणि गोळा लागला की त्यातलं काय फुटतं. भाषेला तानुबाईने सांगितलं, बांधावर काय झालं ते, बैल वगळून. चित्रकलेला मुलांनी तिचं तोंड काढायचं होतं.

पूनम सातवी पास होऊन गेली होती, पुढच्या शाळेची पोर. तिचा तास नव्हता. ती दारात उभी राहिली तेव्हा बाईंनी कागद दिला. बाकीच्या मुलांनी तानुबाईचं नाक काढलं, कुंकू काढलं, पदर काढला, आणि डाव्या डोळ्याच्या जागी बहुतेकांनी केस उतरवले किंवा सावली दिली. पूनमने आधी ती पापणीच काढली. शिवण शिवण. मग तिच्याभोवती बाकीचं तोंड.

तानुबाईने कागद उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला.

"हाऊ डोया मनाच शे," ती म्हणाली.